ब्रेक पेडलाचा मऊपणा

ब्रेक पेडलाचा मऊपणा : द्रवीय ब्रेक असलेल्या मोटारगाडीचे पेडल दाबले असता पायाला घट्ट विरोध न लागता स्पंज दाबल्यासारखा लवचिक विरोध जाणवणे. गाडी थांबण्यास अधिक अंतर लागत असल्याने हा दोष धोक्याचा असून तो दूर होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये.

पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरातील दट्ट्या पुढे सरकतो आणि बंदिस्त द्रवातील दाब चाकांच्या सिलिंडरांपर्यंत पोहोचतो. द्रव जवळजवळ असंकोच्य असल्याने शू ड्रमला टेकताच पेडल घट्ट व्हावयास हवे. तसे न झाल्यास यंत्रणेत कोठेतरी काही दबत, फुगत किंवा वाकत आहे, असे समजावे. बहुधा नळ्यांत शिरलेली हवा हे कारण असते. परंतु हवा पुनःपुन्हा काढूनही मऊपणा टिकल्यास तीच कृती करीत न राहता दोषाचे स्थान शोधावे लागते.

प्रथम लक्षणांवरून भेद करतात. पेडल बरेच खाली जाऊन मग घट्ट लागत असेल व भराभर दाबल्यावर वर येत असेल, तर शू व ड्रम यांतील अंतर वाढलेले असते. स्थिर दाबाखाली पेडल हळूहळू खचत असल्यास गळती असते किंवा मास्टर सिलिंडरातील रबरी कप झिजलेला असतो. लांब घाट उतरल्यावरच मऊपणा येऊन थंड झाल्यावर जात असेल, तर द्रवाची वाफ होत असते. ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील ओलावा शोषतो. डॉट ३ प्रतीच्या द्रवाचा किमान उत्कलनबिंदू नवेपणी २०५° से., तर ओलावा शोषल्यावर १४०° से. धरतात.

यानंतर यंत्रणेचा एकेक भाग वेगळा करून तपासतात. मास्टर सिलिंडराची निर्गमद्वारे योग्य आट्यांच्या बुचांनी बंद केल्यावर पेडल मऊच राहिले, तर दोष सिलिंडरात अथवा त्यात अडकलेल्या हवेत असतो. घट्ट झाल्यास नळ्या पुन्हा जोडून हवा काढतात व रबरी नळ्या गोल कडांच्या चिमट्यांनी दाबून एकेक मोकळी करतात. जी मोकळी करताच मऊपणा परततो, त्या बाजूस दोष असतो. तेथील शू ड्रमला पूर्ण टेकेपर्यंत आवळल्यावर पेडल घट्ट झाले, तर दोष शूच्या बसणीत असतो; न झाल्यास हवा किंवा फुगणारी जुनी रबरी नळी हे कारण असते.

मुंबईत कुर्ला येथे पूर्वी तयार होणारी प्रीमियर पद्मिनी व उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार झालेली अँबॅसडर यांच्या जुन्या नमुन्यांत चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. अशा गाड्यांत दोन कारणे सहज निसटतात. लेथवर कातून व्यास वाढलेल्या ड्रममध्ये नवे अस्तर केवळ मध्यभागी टेकते आणि शू वाकतो. तेव्हा हवा नसतानाही पेडल मऊ लागते. अस्तर ड्रमच्या वक्रतेनुसार घासून घेणे हा त्यावर उपाय होय. दुसरे म्हणजे, नळ्यांत किंचित शेषदाब राखणारी झडप निकामी झाल्यास चाकांच्या सिलिंडरांतील रबरी कपांच्या कडा सैल पडतात आणि पेडल सोडताना द्रव न गळताही हवा आत ओढली जाते.

कोणत्याही दुरुस्तीत खनिज तेल वापरू नये. त्याने या यंत्रणेतील रबर फुगते. शेवटी उत्पादकाने दिलेल्या क्रमाने हवा काढून उभ्या गाडीत पेडलाची घट्टता पाहावी व नंतरच मोकळ्या जागी मंद वेगाने चाचणी घ्यावी.