जोडावे की तोडावे?

परवा अकोट्याच्या आमच्या घरी एक साधाच प्रसंग घडला. परंतु त्याने मला दोन दिवस विचार करावयास लावले.

इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातीच्या वहीत 'अलॉट' या शब्दाखाली बाईंनी तांबडी रेघ ओढली होती. तिला म्हणावयाचे होते 'पुष्कळ'. मी समजावले, "अगं, 'अ' निराळा, 'लॉट' निराळा. 'अ बुक' कोणी जोडून लिहितो का? शिवाय दोन 'एल' घालून जोडलेस, तर अर्थ होईल 'वाटून देणे'!"

तिने मान डोलावली आणि पुण्याच्या आजीला लिहिलेले पत्र पुढे केले. त्यात होते, 'घरा साठी आकाशकंदील केला.' मी 'साठी' जोडावयास सांगताच ती म्हणाली, "आजोबा, तिकडे तोडायचे नि इकडे जोडायचे, असे का?"

प्रश्न रास्त होता. गुजरातीत 'घर माटे' लिहिताना 'घर' जसेच्या तसे राहते. म्हणून ते एकटे उभे राहू शकते. मराठीत मात्र 'साठी' येताच 'घर'चे 'घरा' होते. हा 'घरा' एकटा सोडला, तर त्याला अर्थच उरत नाही. म्हणून 'घरासाठी' हा एकच शब्द.

मग मी ऐटीत कपाटातले आमच्या आजोबांचे मोडी पत्र काढले. आत्याच्या लग्नाविषयीचे ते पत्र. नात पाहतच राहिली. "यात तर कुठे जागाच सोडलेली नाही!" खरेच; मोडीत शब्दांमध्ये जागा सोडण्याची चाल नव्हती. एका ओळीशी मीही अडखळलो. 'तोवर थांबेल' वाचावे, की 'तो वर थांबेल'? लग्न थांबणार होते की नवरामुलगा, हे सांगावयास आता घरात कोणी नाही.

आमच्या अकोट्यात १९५१ साली जैन धातुमूर्ती सापडल्या. त्या आज बडोद्याच्या संग्रहालयात आहेत. त्यांवरील जुन्या लेखांतही अक्षरामागून अक्षर येते, शब्द सुटे नाहीत. तरी त्या काळच्या वाचकाचे अडत नसे, कारण भाषा त्याच्या कानात होती. शब्द कोठे संपतो, हे कानच सांगे.

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतील मुलांच्या कानांवर दिवसभर गुजराती व इंग्रजी पडते. त्यांत वाईट काही नाही. आपणही त्यांतच वाढलो. पण कान साथ देईनासे झाले, की डोळ्यांना दिसणाऱ्या जागेवरच भिस्त राहते. ती जागा तरी नीट हवी.

नातीने दोन्ही चुका सुधारल्या. मग ते मोडी पत्र उचलून म्हणाली, "आजोबा, हे वाचायला शिकवाल?"

रविवारपासून आम्ही बसणार आहोत.