पोत-आच्छादन (छायाचित्रण)

पोत-आच्छादन ही निसर्गाच्या साध्या छायाचित्रात दगड, कागद किंवा कापडाच्या पृष्ठभागाचे दुसरे छायाचित्र मिसळून त्यास रंगचित्राचे रूप देणारी संपादनपद्धती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्रात्मकतावादी छायाचित्रकार खरबरीत कागद व डिंक-बायक्रोमेट मुद्रणाने असा परिणाम साधत. मुंबईचे शापूर भेडवार हे या शैलीतील आरंभीचे भारतीय छायाचित्रकार होत. १९९४ मध्ये फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत लेयरची सोय आल्यावर ही पद्धती संगणकावर सुलभ झाली.

कार्यपद्धती
उदाहरणार्थ, हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर जलाशयाच्या छायाचित्रावर औंढा नागनाथ मंदिराच्या झिजलेल्या दगडाचा पोत ठेवता येतो. ‘मल्टिप्लाय’ मिश्रणात पोताचा पांढरा भाग मूळ चित्रावर परिणाम करत नाही, गडद भाग ते काळसर करतो. ‘स्क्रीन’मध्ये याउलट घडते. पक्ष्यासारख्या मुख्य विषयावरील पोत मास्कने पुसतात, अन्यथा पिसांचा तपशील हरवतो.

मर्यादा
असे चित्र कलाकृती ठरते, निसर्गाची नोंद नव्हे. त्यामुळे आंतरराष्ट्रीय छायाचित्रण कला महासंघाच्या निसर्ग विभागात मूळ दृश्यात भर घातलेली छायाचित्रे ग्राह्य धरली जात नाहीत.