‘कोरेगाव लागली’ म्हणजे नेमकं काय लागलं?

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर कानावर पडलेलं बोलणं:

“कोरेगाव लागली का हो?”

“हलली की मघाच.”

“मग आता?”

“पुसेगाव येईल.”

विचारणारी बाई निवांत बाकावर टेकली. तिचं काम झालं होतं.

मोजून अकरा शब्द, आणि त्यात ‘गाडी’ हा शब्द एकदाही नाही. गाव नपुंसकलिंगी, मग ‘लागली’ आली कुठून? न उच्चारलेल्या गाडीतून. हीच बाई गाडीत बसल्यावर शेजारणीला “कोरेगाव लागलं का?” असं विचारील, तेव्हा मात्र खरोखर गावाबद्दलच विचारत असेल. शेजारणीला गाडी लागत असेल तर ती हातात लिंबू धरून बसलेली असेल, ते लागणं आणखी तिसरं. राहिली चौथी ओळ. प्रश्न कोरेगावचा आणि उत्तर पुसेगावचं, तरी कुणी बुचकळ्यात पडलं नाही. पुसेगावचा रस्ता कोरेगावातून जातो हे दोघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे ते कुणी बोललं नाही.

जोडून आलेल्या बोलण्याचा अर्थ असा लागतो (मराठीत अर्थही लागतोच, गाडीसारखा). माणसाला तो कसा लागतो आणि संगणकाला कसा, याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत.

गैरसमज: शब्दांचे अर्थ माहीत असले की बोलणं कळतं

कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. हा राजम्याच्या जातीचा घेवडा. दाण्यावर वाघासारखे पट्टे, म्हणून वाघ्या. कोरेगावच्या बाजारात “यंदा वाघ्याला भाव नाही” असं कुणी म्हणालं तर ते दाण्यांबद्दल. जेजुरीला वाघ्या म्हटलं की भंडारा लावलेला खंडोबाचा भक्त, आणि रायगडावर समाधीपाशी उभा असलेला कुत्रा. शब्दकोशात तिन्ही अर्थ लिहून ठेवले तरी यातला कुठला उचलायचा हे कोश सांगत नाही.

हा पेच संगणकामुळे निर्माण झाला असंही नाही. जुन्या शास्त्रकारांचं ठरलेलं उदाहरण सैंधवाचं आहे. संस्कृतात सैंधव म्हणजे मीठ आणि सिंधू देशचा घोडाही. जेवायला बसलेला माणूस सैंधव मागतो तेव्हा मीठ द्यायचं, प्रवासाला निघालेला मागतो तेव्हा घोडा आणायचा. वाक्यार्थासाठी त्यांनी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या अटी घातल्या, आणि अनेकांनी त्यांना चौथी जोडली, तात्पर्य, म्हणजे बोलणाऱ्याच्या मनातला हेतू. आजच्या संगणक-भाषाशास्त्राची निम्मी डोकेदुखी या चौथ्या अटीतच आहे.

गैरसमज: आधी एक वाक्य पूर्ण कळतं, मग पुढचं

“पाऊस लांबला.” एवढंच वाक्य घ्या. पाऊस यायला उशीर झाला की आलेला पाऊस थांबेना? मराठीत दोन्ही होतं. आता पुढचं वाक्य जोडा. “पाऊस लांबला. पेरणी खोळंबली.” म्हणजे पाऊस आलाच नाही. “पाऊस लांबला. काढणी खोळंबली.” म्हणजे पाऊस जाईना. दुसऱ्या वाक्यातल्या एका शब्दानं पहिल्याचा अर्थ उलटा केला. शेतकऱ्याला तर दुसऱ्या वाक्याचीही गरज नाही, महिना जून आहे की सप्टेंबर यावरून तो ओळखतो. म्हणजे अर्थ मागे जाऊनही ठरतो, आणि कधी मजकुराच्या बाहेर, बांधावर उभा राहूनही.

गैरसमज: ‘म्हणून’, ‘पण’, ‘कारण’ नसतील तर वाक्यं सुटीच राहतात

वरच्या उदाहरणात ‘त्यामुळे’ कुठेच नव्हतं. ते वाचणाऱ्यानं आपल्या पदरचं घातलं. असं किती वेळा घडतं याची मोजदाद ज्या कामातून झाली, त्यामागे एक पुणेकर होते.

अरविंद जोशी यांचा जन्म पुण्यातला, १९२९ चा. अभियांत्रिकीची पदवी पुण्यात घेऊन ते अमेरिकेत गेले आणि पुढचं बहुतेक सगळं आयुष्य पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवण्यात गेलं. संगणक-भाषाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला तो २००२ साली, आणि पहिला मान जोशींना दिला. २०१७ मध्ये ते वारले. त्या क्षेत्राबाहेरच्या मराठी माणसांना त्यांचं नाव फारसं माहीत नसतं, याची मला चुटपुट वाटते.

जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधला सुमारे दहा लाख शब्दांचा मजकूर घेतला आणि त्यात वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे माणसांकडून खुणावून घेतलं. या खुणावलेल्या संचाच्या २००८ च्या आवृत्तीत उघड जोडशब्द असलेले संबंध भरले १८,४५९. जोडशब्द नसूनही वाचणाऱ्याला जाणवलेले संबंध होते १६,०५३. कामकाजाच्या, काटेकोर इंग्रजी बातम्यांत हे प्रमाण! स्टँडवरच्या बोलण्याचं कुणी मोजलं तर काय निघेल याचा अंदाज करावा.

गैरसमज: सर्वनाम जवळच्या नामाचं असतं

“शांता सुमनकडे गेली. घेवडा मागून आणला. रात्री निवडत बसली.” निवडत कोण बसली? शांता. नाव जवळचं सुमनचं आहे, दोघीही बायका आहेत, आणि ‘आणला’ हे क्रियापद घेवड्याच्या लिंगानं चालतं, म्हणून तेही काही सांगत नाही. तिसऱ्या वाक्यात तर सर्वनामही नाही. तरी आपण अडखळत नाही.

याचंही स्पष्टीकरण जोशींच्या कामात सापडतं. बार्बरा ग्रॉस आणि स्कॉट वाइनस्टाइन यांच्याबरोबर त्यांनी १९८३ पासून एक सिद्धांत मांडत नेला, आणि १९९५ मध्ये तो विस्तारानं छापला. बोलण्याच्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी एक मध्यभागी असतं. ते मध्य टिकलं तर ऐकणं सोपं जातं, आणि सर्वनाम येतं ते बहुधा त्या मध्याचं. मराठीत आपण पुष्कळदा आणखी पुढे जातो आणि मध्यावरच्या माणसाचा उल्लेखच गाळतो. बोलण्यात जो सगळ्यात महत्त्वाचा, त्याचंच नाव नाही!

आमच्या भागातल्या जुन्या बायकांनी तर यावर कडी केली. “हे रानात गेल्यात.” हे कोण, ते आधीच्या कुठल्याच वाक्यात सापडणार नाही, आणि नंतरच्याही नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून ‘हे’. वर आदरार्थी अनेकवचन. भाषांतर करणाऱ्या यंत्रानं इथे दोन-चार माणसं रानात धाडली तर त्याला फार दोष देता येणार नाही.

संगणकाची परीक्षा घ्यायला संगणकशास्त्रज्ञ हेक्टर लेव्हेस्क यांनी सर्वनामांचीच कसोटी सुचवली. टेरी विनोग्राडच्या १९७२ च्या एका उदाहरणावरून तिला विनोग्राडचंच नाव मिळालं. मराठीत तशी जोडी करायची तर: “खोका टेम्पोत मावेना, कारण तो फार मोठा होता.” आणि “खोका टेम्पोत मावेना, कारण तो फार लहान होता.” पहिल्यात ‘तो’ खोका, दुसऱ्यात टेम्पो. व्याकरण दोन्हीकडे एकच, निवाडा होतो तो खोके भरण्याच्या अनुभवावर. मराठीत हा प्रश्न तयार करतानाही डोकं लागतं. खोक्याऐवजी पेटी घेतली की ‘ती मोठी’, ‘तो लहान’, लिंगानंच उत्तर फोडलं आणि कसोटी संपली.

२०१६ साली न्यूयॉर्कला या कसोटीची स्पर्धा झाली. सर्वांत चांगल्या प्रणालीला ५८ टक्के पडले, छापा-काट्याच्या थोडंसं वर. पण २०१९ मध्ये प्रणाली नव्वद टक्क्यांपर्यंत पोचल्या.

मग संगणकाला कळतं की नाही?

“छे, त्याला काय कळतंय” आणि “त्याला सगळं कळतं” असे दोन पक्ष चहाच्या टपरीवरही भेटतात. दोघांचंही मला पटत नाही. आजच्या प्रणाली मजकुराचे तुकडे करतात आणि तुकड्यांचे आकडे. एखाद्या तुकड्याचा अर्थ लावताना बाकीच्यांपैकी कुणाकडे किती लक्ष द्यायचं याचा हिशेब मांडतात. २०१७ साली गूगलमधल्या आठ जणांनी पुढे आणलेली ही रचना. त्यामुळे ‘काढणी’ वाचताना ‘पाऊस लांबला’ हिशेबात असतं, हे काम खरंच होतं. पण हिशेबाला वजनं मिळतात ती आधी वाचलेल्या ढीगभर मजकुरातून. लिहिलंच गेलं नाही ते तिथे नाही. पुसेगावची गाडी कोरेगाववरून जाते हे कुठेतरी लिहिलेलं असेल. पण सांगणाऱ्याच्या “येईल”मधला सूर, म्हणजे येईल तेव्हा येईल, तो कुठे वाचायचा? कसोटी हरली म्हणून यंत्राला व्यवहारज्ञान आलं असं समजू नका, असं या कसोटीवर वर्षानुवर्षं काम केलेल्या अभ्यासकांनीच नंतर लिहिलं.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब गटानं २०२२ मध्ये २५,००० मराठी वाक्यांतली नावं हातानं खुणावून एक संच केला. मोलाचं काम आहे. अशा संचावर शिकलेली प्रणाली ‘कोरेगाव’ हे स्थळ आहे एवढं सांगेल. पण कुठलं? साताऱ्यातलं तालुक्याचं? सांगली जिल्ह्यातलं, वाळवा तालुक्यातलं? भीमा नदीकाठचं, १८१८ च्या लढाईचं? की पुण्यातलं कोरेगाव पार्क? ती पायरी वेगळी आहे. त्या पायरीवर यंत्राचा कल ज्या गावाबद्दल जास्त लिहिलं गेलं तिकडे झुकतो.

गैरसमज: माणूस नीट ऐकतो

संजीवनीसाठी भीमानं कुठला डोंगर उचलून आणला?

द्रोणागिरी मनात आलं असेल, तर डोंगर बरोबर आहे, पण भीमाचा तिथे काय संबंध? १९८१ मध्ये एरिकसन आणि मॅटसन या संशोधकांनी बायबलमधल्या नौकेच्या गोष्टीत नोहाच्या जागी मोझेस घालून असाच प्रश्न विचारला होता. खरी गोष्ट माहीत असलेलीही पुष्कळ माणसं फसली. आपण साधारण जुळतंय एवढं बघून पुढे जातो. यंत्र चुकलं की आपण हसतो, पण ही चूक आपल्या घरातलीच आहे.

स्टँडवर मात्र त्या दिवशी कुणी फसलं नाही. वीस मिनिटांनी फलाटावरून कुणीतरी ओरडलं, “पुसेगाव लागली!” आणि कोरेगावला जाणारे सगळे पिशव्या उचलून पळाले.