अलिबागचा बंगला आणि भागीदारीचा हिशोब

सहा जण अलिबागला निघालात. बंगल्याचं दोन रात्रींचं भाडं समजा १२,००० रुपये. डोई २,०००, विषय संपला? नाही! चौघं दोन एसी बेडरूममध्ये झोपणार, दोघं हॉलमध्ये गादी टाकून. पैसे सारखे, सोय वेगळी. कुरबुर तिथेच सुरू होते.

मग असं करा. किचन, अंगण सगळेच वापरतात, म्हणून निम्मं भाडं सारखं वाटा: प्रत्येकी १,०००. उरलेले ६,००० झोपायच्या जागेवर लावा: प्रत्येक बेडरूमचे २,५००, हॉलचे १,०००. बेडरूमवाला २,२५० देईल, हॉलवाला १,५००. बेरीज बरोबर १२,०००. एकच रात्र राहणाऱ्याचं काय, तेही बुकिंगआधीच ग्रुपवर लिहून टाका.

आता धंद्याकडे या. दोन मित्रांनी भागीदारी केली. एकाचं भांडवल जास्त, दुसरा दिवसभर दुकानात. वाट्याचं काहीच ठरवलं नाही, तर १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा नफा-तोटा दोघांत सारखाच धरतो. दुकानात राबणाऱ्याला वेगळा पगारही मागता येत नाही.

म्हणून वाटा, पगार, भांडवलावरचं व्याज आधी बोला आणि भागीदारी करारात लिहा. बोलायला संकोच वाटतो? नंतर भांडण्यापेक्षा तो बरा!