पट्टी, काटा आणि रानपिंगळा

मार्चमधल्या एका दुपारी पुण्यातल्या आमच्या वाघोलीच्या इमारतीत जिन्याच्या काचेवर एक जांभळा शिंजीर आपटला आणि जागीच गेला. नर होता. सावलीत काळा दिसायचा, उन्हात धरला की निळी-जांभळी झाक मारायचा. वॉचमनकाकांनी सुपलीत घेतला होता, तो मी मागून घेतला. घरात केक-बिस्किटांसाठी आणलेला डिजिटल काटा होता, त्यावर वहीचा कागद ठेवून शून्य केला आणि पक्षी ठेवला. काट्यानं ८ दाखवले, मग ७, मग पुन्हा ८. मैद्याच्या बाबतीत ग्रॅमभर इकडंतिकडं झालं तर कोण विचारतो? पण शिंजिराच्या अंगात तो ग्रॅम म्हणजे आठवा हिस्सा. मग लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मिटलेला पंख मोजला. ५४ मिलिमीटर. पट्टीवर पंख बोटानं जरा दाबला, ५५. पिसं टोकाकडं सरळ केली, ५६ च्याही पुढं. पक्षी एक, पंख एक, मोजणारा एक आणि पाच मिनिटांत तीन उत्तरं!

माझा हात अडाणी, हे खरंच. पण नंतर कळलं की ही तिन्ही उत्तरं शास्त्राला मान्य आहेत. मनगटाच्या वाकापासून सर्वांत लांब पिसाच्या टोकापर्यंत पंख मोजतात. त्याची नैसर्गिक कमान तशीच ठेवली तर एक माप, कमान दाबून सपाट केली तर दुसरं, सपाट करून सरळही केली तर तिसरं. कुठल्या देशात कुठली रीत चालते यावरून पक्षीशास्त्रज्ञांत बराच शब्दच्छल झालेला आहे. अमुक रीत बरोबर आणि तमुक चूक असं काही नाही. कोणती वापरली ते आकड्याशेजारी लिहिलेलं हवं, एवढंच. ते नसेल तर दोन वह्यांमधले आकडे एकमेकांशी बोलत नाहीत.

जिवंत पक्षी मोजणं हे वेगळंच कसब. त्यासाठी रानात मिस्ट नेट लावतात. काळ्या बारीक धाग्याचं हे जाळं दोन काठ्यांमध्ये ताणलेलं असतं आणि त्याला आडव्या घड्या असतात. सावलीत ते डोळ्यांना दिसत नाही. पक्षी येऊन धडकतो आणि खालच्या घडीत, झोळीत पडावा तसा पडतो. जाळ्याकडं सारखी फेरी मारावी लागते. ऊन चढलं किंवा पावसाचे थेंब पडले की जाळी मिटायची, कारण अडकलेला पक्षी तापतो किंवा भिजून गारठतो. खरी परीक्षा असते सोडवण्यात. ज्या बाजूनं आत शिरला त्याच बाजूनं बाहेर काढायचा, आधी पाय मोकळे करायचे, मग पंख, शेवटी डोकं. अधीर माणसानं या कामाला लागूच नये.

बाहेर काढलेला पक्षी कापडी पिशवीत जातो. अंधारात तो शांत राहतो. पिशवीसकट वजन घेतात आणि नंतर रिकाम्या पिशवीचं वजा करतात. वाण्याकडं डब्याचं वजन वजा करतात तसंच. मग तो हातात येतो. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात मान, तळहातात पाठ, बाकीची बोटं पिंजऱ्यासारखी सैल. घट्ट धरायचं नाही, कारण पक्ष्याला श्वासासाठी छाती हलवावी लागते. छाती आवळली की तो गुदमरतो.

आता कॅलिपर. सोनाराकडं आणि लेथवाल्याकडं असतो तोच. पायाचं माप घेताना नवखे गोंधळतात, कारण पक्ष्याचा जो उलटा वळलेला गुडघा वाटतो तो खरा घोटा असतो. गुडघा वर पिसांत दडलेला. घोट्याच्या मागच्या खाचेपासून बोटं फुटायच्या आधीच्या शेवटच्या खवल्यापर्यंत जेवढं भरेल तेवढी पायाची नळी. हे माप हाडाचं, म्हणून भरवशाचं. पिसं झिजतात, गळतात, पुन्हा उगवतात, तसा पंख वर्षभरात कमीजास्त होतो. वजन तर सकाळचं वेगळं आणि पोट भरल्यावर संध्याकाळचं वेगळं. चोच कवटीपासून मोजायची, पिसांच्या कडेपासून की नाकपुडीपासून, हा पुन्हा आपापला संप्रदाय. शेवटी वही मिटते, हात उघडतो. गंमत म्हणजे काही पक्षी तळहातावर क्षणभर तसेच पडून राहतात. सुटलोय हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

हा सगळा उद्योग कशासाठी? चोचीवरून पक्षी काय खातो ते कळतं, पायावरून फांदीवर नाचतो की जमिनीवर चालतो ते. मिटलेल्या पंखात सर्वांत लांब पिसाचं टोक आतल्या पिसांच्या किती पुढं जातं, याचंही एक माप घेतात. ते अंतर मोठं तर पक्षी लांब पल्ल्याचा. उष्ण कटिबंधातल्या दाट रानात, झाडोऱ्याच्या तळाशी राहणाऱ्या अनेक पक्ष्यांचे पंख आखूड आणि गोलसर असतात. मधे एखादा उघडा पट्टा आला तरी तो ओलांडायला त्यांतले कित्येक धजत नाहीत. रानातून रस्ता काढला तर कोण अडकेल, हे असं कॅलिपर सांगतो. २०२२ साली जगभरातल्या संशोधकांनी मिळून ११,००९ प्रजातींच्या ९०,०२० पक्ष्यांची मापं एकत्र करून खुली केली. ॲव्होनेट हे त्या खजिन्याचं नाव. त्यातली पुष्कळशी मापं संग्रहालयांच्या खणांत पडून असलेल्या वाळक्या कातड्यांची आहेत. त्याआधीच्याच वर्षी ॲमेझॉनच्या जंगलातल्या ७७ प्रजातींची चाळीस वर्षांची मापं तपासली गेली, तेव्हा पक्षी हलके होत चालल्याचं दिसलं. रान तेच, माणसाचा हात न लागलेलं. फक्त हवा तापलेली. ग्रॅमाच्या अंशांचा हा हिशेब चाळीस वर्षांपूर्वी कुणी चोख लिहून ठेवला नसता, तर हे आज कुणालाच दिसलं नसतं.

आपल्याकडं हे काम मुख्यतः मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं जोपासलं. संस्था १८८३ ची. पक्ष्यांच्या पायात कडी घालायला तिनं १९२७ मध्ये धार संस्थानात सुरुवात केली आणि १९५९ नंतर हे काम सालीम अलींच्या नेतृत्वाखाली मोठ्या प्रमाणावर चाललं. सालीम अली आणि डिलन रिप्ले यांच्या दहा खंडांच्या हँडबुकात प्रत्येक पक्ष्यासाठी पंख, चोच, पाय आणि शेपटी यांच्या मापांची ओळ आहे. वाचक ती ओळ सहसा ओलांडून पुढं जातो. मीही जात असे. हुमायून अब्दुलालींनी १९६८ पासून संस्थेच्या संग्रहातल्या कातड्यांची सूची नियतकालिकात हप्त्याहप्त्यानं छापायला घेतली आणि पुढं वर्षानुवर्षं चालवली. ट्रे बाहेर काढायचा, चिठ्ठी वाचायची, पट्टी लावायची, आकडा टिपायचा, पुढचा ट्रे. असल्या कामाला टाळ्या पडत नाहीत.

महाराष्ट्रात या कामाची सगळ्यात नाट्यमय गोष्ट घडली ती खानदेशात. आपला नेहमीचा ठिपकेदार पिंगळा सगळ्यांच्या ओळखीचा. त्याचाच एक रानातला भाऊबंद आहे, रानपिंगळा. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पोट खाली पांढरं, चोच आणि पंजे चांगले दणकट. दिवसाउजेडी शेंड्यावर बसून शेपटी हलवतो. १८७३ मध्ये ॲलन ह्यूमनं त्याला शास्त्रीय नाव दिलं. हाच ह्यूम पुढं काँग्रेसच्या स्थापनेमुळं आपल्या शालेय पुस्तकात आला. सगळ्या जगात मिळून या पक्ष्याची सातच कातडी. त्यांतली काही जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानं १८८० च्या दशकात शहादा-तळोदा भागात मिळवलेली. १८८४ नंतर पक्षी बेपत्ता. फक्त एका कातड्यावर १९१४ ची तारीख आणि गुजरातेतल्या मांडवीचं नाव होतं. चिठ्ठी कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या हातची. सर्वांत ताजा पुरावा तो, म्हणून शोधणारे साहजिकच मांडवीच्या बाजूला जायचे आणि हात हलवत परत यायचे.

अमेरिकेच्या स्मिथसोनियनमध्ये रिप्लेंच्या हाताखाली काम करणाऱ्या पामेला रासमुसेन यांनी ही कातडी शेजारी शेजारी मांडून बघितली. १९१४ चं कातडं उकलून पुन्हा शिवल्यासारखं दिसत होतं. एक्स-रे काढला. आतली मूळ बांधणी डेव्हिडसनच्या हातची निघाली. प्रत्येक कातडं तयार करणाऱ्याची, शिंप्याची असते तशी, स्वतःची एक ढब असते आणि ती लपत नाही. कर्नलसाहेबांनी संग्रहालयातलं डेव्हिडसनचं कातडं उचलून, नव्यानं भरून, खोटी चिठ्ठी बांधली होती. मांडवी बाद झाली. उरली ती डेव्हिडसनची जुनी गावं. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला पोचले आणि २५ तारखेला सकाळी एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. पक्षी कुठं गेलाच नव्हता. चिठ्ठी खोटी होती.

नंतर तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशातली रानं असा त्याचा पत्ता वाढत गेला. २०१४ मध्ये तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला, सह्याद्रीच्या अंगाला. पुण्याच्याच वाइल्डलाइफ रिसर्च अँड कॉन्झर्वेशन सोसायटीच्या लोकांनी त्याच्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. ह्यूमनं त्याला वेगळ्या कुळीत टाकलं होतं, पुढच्यांनी काढलं, काहींनी पुन्हा टाकलं, कारण कवटी, पाय आणि पिसारा यांवरून दोन्ही बाजूंनी बोलता येत होतं. २०१८ मध्ये डीएनए तपासला गेला तेव्हा तो नेहमीच्या पिंगळ्याच्याच कुळीत बसतो असं निघालं. पट्टीलाही मर्यादा आहे, ती इथं दिसते.

आणखी एक पुणेकर या गोष्टीत येतो. रमण आत्रेय हे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात दीर्घिकांचा अभ्यास करायचे. १९९५ मध्ये अरुणाचलातल्या ईगलनेस्टच्या रानात त्यांना एक अनोळखी पक्षी ओझरता दिसला. अकरा वर्षांनी, २००६ च्या मेमध्ये, तो जाळ्यात आला. नवी प्रजाती जाहीर करायची तर नमुना मारून संग्रहालयात ठेवायचा, हा शंभर-दीडशे वर्षांचा रिवाज. पण तिथं सगळे मिळून चौदाच पक्षी दिसलेले. त्यांतला एक मारायचा कसा? आत्रेयांनी मापं घेतली, फोटो काढले, काही पिसं ठेवली आणि पक्षी सोडून दिला. तिथल्या बुगुन समाजाचं नाव त्याला दिलं, बुगुन लिओसिकला. यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. माझं मत विचाराल तर ज्याचं माप नीट घेतलंय त्याला मारायची गरज उरत नाही. दूरच्या दीर्घिका मोजणारा माणूस तशीही नुसत्या मापावरच जगतो. दीर्घिका काही कुणाला खणात आणून ठेवता येत नाही.

हे वाचून कुणी मुलांना घेऊन बुलबुल पकडायला निघू नये म्हणून सांगतो. रानपक्षी धरायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते आणि हाताला शिकवणीही. आमच्या वाघोलीत तर रान असं नाहीच. पिलाजी जाधवरावांचं वाघेश्वराचं देऊळ आहे, दगडाच्या खाणी आहेत, क्रशरची धूळ आहे, २०२१ पासून महापालिकाही आहे. खाणींच्या कडेनं थोडी बाभळ आणि घाणेरी उरली आहे, शिंजिरांचं तेवढ्यावर भागतं.

तो शिंजीर आम्ही कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला. वहीत मी लिहिलं होतं : वाघोली, नर, वजन ७ किंवा ८, पंख ५५. परवा ते पान सापडलं. तारीख घालायची राहिली होती आणि पंख दाबून मोजला होता की न दाबता, तेही लिहिलेलं नव्हतं. शेवटी पेन्सिलनं त्या ५५ वर काट मारली.