काळा घोडा कला महोत्सव

मुंबईच्या फोर्ट विभागातील काळा घोडा परिसरात जानेवारीच्या अखेरीस वा फेब्रुवारीच्या पूर्वार्धात नऊ दिवस भरणारा सार्वजनिक उत्सव. तो प्रथम १९९९ मध्ये भरला. संगीत, नृत्य, नाट्य, चित्रपट, साहित्य आणि दृश्यकला यांचे विविध कार्यक्रम हे त्याचे दर्शनी रूप होय. परिसरातील एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील वास्तूंकडे नागरिकांचे लक्ष वेधणे आणि त्यांच्या जतनासाठी लोकमत व निधी उभा करणे, हा मात्र त्याचा मूळ हेतू होता. नगरवारसा आणि सार्वजनिक उत्सव यांची सांगड घालणारा भारतातील एक महत्त्वाचा प्रयोग म्हणून तो उल्लेखनीय आहे.

परिसर व नाव : मुंबईच्या किल्ल्याचे तट सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत १८६२ पासून पाडण्यास आरंभ झाला. तटांबाहेरील मोकळे मैदान व तटांची जागा यांवर नव्या सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. काळा घोडा परिसर याच पुनर्रचनेतून घडला. येथील के. दुभाष मार्गाचे रॅम्पार्ट रो हे जुने नाव त्या तटाचीच आठवण देणारे आहे. दक्षिणेस रीगल चित्रपटगृहाचा चौक, उत्तरेस मुंबई विद्यापीठ, पूर्वेस नौदल गोदीचे सिंहद्वार आणि पश्चिमेस ओव्हल मैदान, अशा या परिसराच्या स्थूल सीमा मानल्या जातात.

प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे सातवा एडवर्ड) यांच्या १८७५ मधील मुंबईभेटीच्या स्मरणार्थ अल्बर्ट ससून यांनी त्यांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा शहरास दिला. शिल्पकार जोसेफ एडगर बोम यांनी घडविलेल्या या पुतळ्याचे अनावरण १८७९ मध्ये झाले. लोकांनी मात्र राजपुत्राऐवजी त्याच्या काळ्या घोड्यावरून चौकास नाव दिले. १९६५ मध्ये हा पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात ठेवण्यात आला. पुतळा गेला, तरी नाव टिकून राहिले. २०१७ मध्ये त्याच परिसरात स्वाराविना घोड्याचे नवे शिल्प उभारण्यात आले. त्याची संकल्पना वास्तुविशारद अल्फाज मिलर यांची असून शिल्पकार श्रीहरी भोसले आहेत.

प्रमुख वास्तू : थोड्या अंतरात भिन्न काळांच्या व शैलींच्या वास्तू पाहावयास मिळतात, हे या परिसराचे वैशिष्ट्य आहे. डेव्हिड ससून ग्रंथालय (१८७०) व एल्फिन्स्टन महाविद्यालय या इमारती व्हिक्टोरियन गॉथिक वळणाच्या आहेत. केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (१८८४) हे बगदादी ज्यू समाजाचे प्रार्थनामंदिर होय. जॉर्ज विटेट यांनी अभिकल्पित केलेल्या पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियमची (आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) इमारत इंडो-सारासेनिक शैलीची आहे. तिची कोनशिला १९०५ मध्ये बसविण्यात आली व संग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. विटेट यांचीच दुसरी वास्तू म्हणजे कावसजी जहांगीर सभागृह (१९११). त्यात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. वास्तुविशारद दुर्गा बाजपेयी यांचे जहांगीर कलादालन (१९५२) हे स्वातंत्र्योत्तर काळातील सिमेंट-काँक्रीटच्या आधुनिक वास्तुरचनेचे उदाहरण होय. ग्रंथालय, महाविद्यालय, संग्रहालय आणि कलादालन असे सार्वजनिक उपयोग एकत्र आल्याने या भागास कलाक्षेत्राचे स्वरूप आपोआपच लाभले.

पार्श्वभूमी : मुंबईतील वारसा-वास्तूंच्या रक्षणासाठी महाराष्ट्र शासनाने १९९५ मध्ये स्वतंत्र नियमावली जारी केली. भारतातील शहरांसाठी अशा प्रकारची ही पहिलीच नियमावली मानली जाते. तीनुसार वास्तूंची तीन श्रेणींत वर्गवारी करण्यात आली आणि त्यांत बदल करण्यापूर्वी वारसा समितीचा सल्ला घेण्याची पद्धत सुरू झाली. तत्पूर्वी संरक्षणाचा विचार बहुतांशी किल्ले, लेणी, मंदिरे यांसारख्या प्राचीन स्मारकांपुरता मर्यादित असे. कचेऱ्या, दुकाने, चाळी व रस्ते यांसह नित्य वापरात असलेला नगरभाग हाही वारसा ठरू शकतो, ही कल्पना या नियमावलीमुळे प्रशासनात रूढ झाली.

तथापि केवळ निर्बंधांनी वास्तू टिकत नाही, तिच्याविषयी आस्था असणारा वर्गही असावा लागतो, याची जाणीव अभ्यासकांना होती. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेने व राहुल मेहरोत्रा प्रभृती वास्तुविशारदांनी काळा घोडा हे ‘कलाक्षेत्र’ म्हणून विकसित करण्याचा विचार मांडला. त्यातून १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन ही संस्था स्थापन झाली आणि पुढील वर्षी तिने महोत्सवास प्रारंभ केला.

स्वरूप : महोत्सवाच्या काळात के. दुभाष मार्ग वाहनांसाठी बंद ठेवून पादचाऱ्यांसाठी मोकळा केला जातो. रस्त्यावर मांडणशिल्पे व हस्तकलावस्तूंचे गाळे असतात. डेव्हिड ससून ग्रंथालयाची बाग, वस्तुसंग्रहालयाचे आवार, हॉर्निमन सर्कल उद्यान, एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या इ. ठिकाणी कार्यक्रम होत आले आहेत. निरनिराळ्या विभागांची आखणी त्या त्या क्षेत्रातील जाणकारांकडे असते. कार्यक्रमांना प्रवेशमूल्य नसते. खर्च मुख्यतः प्रायोजकांच्या साहाय्याने भागविला जातो. वास्तुवारशाच्या दृष्टीने वारसा-फेऱ्या हा सर्वांत महत्त्वाचा विभाग होय. वास्तुविशारद वा इतिहासज्ञ लहान गटांना पायी हिंडवून इमारतींचे दगड, कमानी, जाळीकाम व पूर्वोपयोग यांची माहिती देतात. कोविड साथीच्या काळात प्रत्यक्ष आयोजनात खंड पडला. २०२३ मध्ये महोत्सव पुन्हा पूर्ववत भरला.

इतरत्र झालेले प्रयत्न : वास्तू लोकांपुढे मांडण्याच्या अन्य देशांतील पद्धतींशी तुलना केल्यास या उत्सवाचे वेगळेपण स्पष्ट होते. फ्रान्समध्ये १९८४ मध्ये संस्कृतिमंत्री झाक लांग यांच्या पुढाकाराने ऐतिहासिक वास्तूंची द्वारे ठराविक दिवशी सर्वांसाठी खुली करण्याची प्रथा सुरू झाली. पुढे १९९१ मध्ये यूरोप परिषदेने ती ‘यूरोपीय वारसा दिन’ या नावाने अनेक देशांत नेली. लंडनमध्ये १९९२ पासून याच धर्तीचा ‘ओपन हाउस’ हा उपक्रम चालतो. एरवी बंद असणारी वास्तू आतून पाहता येणे, हे या उपक्रमांचे मर्म आहे. अहमदाबाद महानगरपालिकेने १९९७ मध्ये जुन्या शहरातील पोळांमधून नित्याची वारसा-फेरी सुरू केली. तिच्यात वसतीच्या गल्ल्या हाच पाहण्याचा विषय असतो. काळा घोडा येथे मुख्यतः रस्ता खुला होतो. इमारती उत्सवाची पार्श्वभूमी ठरतात. त्यामुळे गर्दी मोठी जमते, परंतु त्या गर्दीचे लक्ष वास्तूंकडे जाईलच असे नाही.

फलित व मर्यादा : सामान्य नागरिकास एरवी केवळ येण्याजाण्यापुरता परिचित असलेला भाग त्याने थांबून पाहावा, एवढे कार्य महोत्सवाने निश्चितच केले आहे. परिसराची निगा राखण्याच्या कामीही त्यातील निधीचा उपयोग झाला. पुढील काळात सिनेगॉगचा जीर्णोद्धार २०१९ मध्ये, तर डेव्हिड ससून ग्रंथालयाचा २०२३ मध्ये पूर्ण झाला. २०१८ मध्ये यूनेस्कोने ओव्हल मैदानाभोवतालच्या ‘मुंबईचा व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूह’ यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात ९४ वास्तूंचा अंतर्भाव आहे.

याच परिसरातील एस्प्लनेड मॅन्शन या इमारतीची कथा मात्र वेगळी आहे. मूळची वॉटसन हॉटेल असलेली ही वास्तू रोलंड मेसन ऑर्डिश यांच्या आराखड्यानुसार १८६७–६९ मध्ये उभारण्यात आली. तिच्या सांगाड्याचे ओतीव लोखंडाचे भाग इंग्लंडमध्ये तयार करून येथे आणून जोडण्यात आले होते. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूम्येअर बंधूंचे चित्रपट भारतात प्रथम येथेच दाखविण्यात आले. हॉटेल बंद झाल्यावर इमारतीचे लहान लहान भाग पाडून ते भाड्याने देण्यात आले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविलेली असल्याने अशा इमारतींच्या दुरुस्तीसाठी उत्पन्न पुरेसे नसे. मालक व भाडेकरू यांपैकी कोणासही खर्च परवडत नसे वा करावासा वाटत नसे. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने २००६ सालच्या शंभर धोकाग्रस्त वास्तूंच्या यादीत तिचा समावेश केला. २००५ च्या पावसाळ्यात तिच्या सज्ज्याचा भाग कोसळला. २०१९ मध्ये न्यायालयीन आदेशानंतर ती रिकामी करण्यात आली, तेव्हा ती पाडावी की दुरुस्त करावी, याविषयी तज्ञांत तीव्र मतभेद झाले. दरवर्षी सहस्रावधी प्रेक्षक जिच्या समोरून जातात, अशा वास्तूचा ऱ्हास त्या गर्दीने थांबला नाही. तिचा प्रश्न मालकी, भाडेकायदा व दुरुस्तीचा निधी यांचा होता.

वास्तू टिकली, तरी तिचा वापर टिकतोच असे नाही. जहांगीर कलादालनातील सामोवार हे १९६४ पासूनचे, चित्रकारांच्या बैठकीचे उपाहारगृह २०१५ मध्ये व ऱ्हिदम हाउस हे ध्वनिमुद्रिकांचे जुने दुकान २०१६ मध्ये बंद झाले. वारसा-नियम दर्शनी भागाचे रक्षण करतात. आतील जीवन त्यांच्या कक्षेबाहेर राहते. वाढती गर्दी, जाहिरातींचे फलक आणि विक्रीस आलेले प्राधान्य यांमुळे महोत्सवाचा मूळ हेतू झाकोळतो, अशी टीकाही होते. वारसा-फेऱ्यांसारखे विभाग कितपत सबळ राहतात आणि जमलेली लोकांची आस्था कायदा, कर व निधी यांच्या निर्णयांपर्यंत कितपत पोहोचते, यांवर अशा उत्सवाचे मूल्य अवलंबून आहे.