बंदीच्या दोन महिन्यांत बोटीकडे बघा, डिझेल तिथेच वाचतं



आपल्या एका सभासदाची मुलगी ग्वाल्हेरला दिली आहे. परवा तिचा फोन आला. तिकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. म्हणाली, "बाबा, तुमचं बरंय, दारात समुद्र आहे." बाबांनी हे सोसायटीच्या ऑफिसात येऊन सांगितलं आणि तिथे तासभर चर्चा रंगली. म्हणून हे लिहितोय.

खरं सांगायचं तर बरं नाही. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून जो धूर वर जातो, त्यातला कार्बन डायऑक्साइड गोधडीसारखा पृथ्वीवर बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. ही जी जास्तीची उष्णता साठते, तिचा ९० टक्क्यांहून अधिक भाग समुद्र पोटात घेतो. ग्वाल्हेरचं ऊन अंगाला लागतं म्हणून कळतं. समुद्राचं तापणं आपल्याला वादळ आल्यावर कळतं.

आठवून बघा. २०१९ ला ऐन हंगामात क्यार आणि त्याच्या पाठोपाठ महा. ३ जून २०२० ला निसर्ग, त्यात रायगड आणि दापोली-मंडणगडकडच्या घरांची कौलं-पत्रे आणि माडा-पोफळीच्या बागा गेल्या. मे २०२१ ला तौक्ते. पुण्याच्या हवामान संस्थेतल्या (आयआयटीएम) शास्त्रज्ञांनी १९८२ पासूनचा हिशेब मांडला, तेव्हा २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या काळापेक्षा ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पूर्वी जुने तांडेल म्हणायचे, वादळं बंगालच्या बाजूची, आपला दर्या शांत. आता तसं राहिलं नाही. बावटा लागला की बोट बंदरात, खलाशांचा पगार आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच.

आता प्रश्न असा की आपण काय करणार? मोठमोठे कारखाने, वीजकेंद्रं, जहाजं यांच्यापुढे आपल्या बोटीचा धूर तो किती. आपण डिझेल वाचवलं म्हणून पुढचं वादळ टळणार नाही, ते आम्हीही जाणतो. पण एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि त्या लिटरचे पैसे आपल्याच खिशातून जातात. परतावा येईल तेव्हा येईल. म्हणजे हे काम धर्मादाय नाही, यात फायदा आधी आपलाच आहे.

सगळ्यात मोठी बचत रेस कमी करण्यात आहे. वेग आणि डिझेल सरळ हिशेबात वाढत नाहीत. ८ नॉटने चालणारी बोट ७ नॉटवर आणली, तर इंजिनला लागणारी ताकद साधारण एक तृतीयांशाने कमी होते. समजा तुमची सहा सिलेंडर बोट ८ नॉटला तासाला २० लिटर खाते आणि ४० मैलांवर जायचंय. पाच तासांत १०० लिटर जातील. ७ नॉटने गेलात तर पाऊण तास जास्त लागेल, पण डिझेल ७७ लिटरच्या आसपास. एका बाजूचे २३ लिटर वाचले. वर्षभराच्या फेऱ्यांनी गुणा आणि बघा. (आकडे प्रत्येक बोटीचे वेगळे येतील.) येताना लिलावाची घाई असते, पहिल्या बोटीला दर मिळतो, तेव्हा रेस द्यावी लागते हे मान्य. पण जाताना कसली शर्यत? शेजारची बोट पुढे गेली म्हणून आपणही लिव्हर दाबायचा, ही सवय सोडायला हवी. तांडेलाला नाखव्यानेच सांगायला हवं.

दुसरं, तळ. शेवाळ आणि शिंपल्या चिकटलेली बोट पाण्यात जड चालते, त्याच वेगाला जास्त डिझेल पिते. १ जून ते ३१ जुलै बंदी आहे, बोटी शाकारून वर घेतल्या की आधी तळ खरवडा, मग रंग. बरेच जण वरचा रंग झकास करतात, नाव नवीन लिहितात आणि तळाला घाईत एक हात मारतात. पंख्याची पाती वाकली असतील, कडा खाल्ल्या असतील तर तेही आत्ताच करून घ्या. काळा धूर निघत असेल तर फिल्टर आणि नोझल तपासा. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे विकत घेऊन हवेत सोडलेलं.

तिसरं, मासा शोधत फिरणं. हैदराबादच्या इन्कॉइसकडून संभाव्य मत्स्यक्षेत्राची माहिती फुकट मिळते, उपग्रहाने समुद्राचं तापमान आणि पाण्याचा हिरवेपणा बघून ती काढतात. दर वेळी मासा तिथेच मिळेल असं नाही, पण अंदाजाने चारी दिशांना भटकण्यापेक्षा बरं.

आणि पिल्लं मारू नका. २०२३ मध्ये शासनाने ५४ जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवून दिलंय, पापलेट तर राज्यमासा झाला. लहान पापलेट आज ढिगाने विकलं की पुढच्या साली त्याच माशासाठी आणखी २० मैल आत जावं लागतं. ते २० मैल डिझेलवरच जातात.

घरातल्या बायकांनी एक गोष्ट आम्हाला सुनावली, ती इथे लिहितो. बर्फ करायला वीज लागते आणि आपण तो उन्हात तासन्‌तास वितळू देतो. पेटीचं झाकण नीट बसत नाही, थर्माकोल फुटलेला. पेटी दुरुस्त केली तर बर्फ कमी लागेल आणि माल ताजा राहील. तसंच जुनी नायलॉन जाळी किनाऱ्यावर पेटवू नका, धूर विषारी असतो. सोसायटीच्या शेडमध्ये आणून टाका. खाडीतली कांदळवनं तोडून सरपण करू नका, तीच वादळाची लाट अडवतात आणि कोळंबी-खेकड्यांची पिल्लं तिथेच वाढतात.

१ ऑगस्टपासून डिझेल घेताना प्रत्येक बोटीसाठी एक वही ठेवणार आहोत. किती लिटर घेतलं, किती मैल गेलात, माल किती आला, तीनच रकाने. वही ऑफिसात मिळेल, पैसे नाहीत. नाखव्यांनी तांडेलाला सोबत घेऊन यावं.